‘इफ’च्या बाजूला ‘वुड’ का नको? मराठी माणसासाठी इंग्रजीतलं जर-तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या आणि आता पुण्यात ग्राहक सेवेत नोकरी करणाऱ्या एका ताईंना झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे कंडिशनलचे, म्हणजे इंग्रजी जर-तरच्या वाक्यांचे, चारही प्रकार तक्त्यासकट पाठ आहेत. गाळलेल्या जागा बरोबर भरता येतात. पण फोनवर किंवा ईमेलमध्ये ‘इफ’ आलं की पुढचं वाक्य अडखळतं. हे समजून कसं घ्यायचं, ‘इफ आय वॉज’ बरोबर की ‘इफ आय वेअर’, आणि सराव नेमका कसा करायचा, असं त्या विचारतात.

मी बारावीच्या मुलांना आणि नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. दोन्हीकडे चुका त्याच होतात आणि त्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच आहेत. त्यांचं मूळ इंग्रजीच्या तक्त्यात सापडत नाही, आपल्या मराठीत सापडतं. तक्ता सांगतो की अमुक प्रकारात अमुक काळ. पण बोलताना तुमच्या मनात ‘हे थर्ड कंडिशनल’ असं कधीच येत नाही. मनात येतं ‘आधी सांगितलं असतंत तर’. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

शाळेत मराठीच्या तासाला आपण संकेतार्थी वाक्यं शिकलो होतो. त्यांत ‘तर’च्या आधी बहुतेक वेळा तीन तऱ्हेची रूपं येतात: ‘आला तर’, ‘असेल तर’ आणि ‘असता तर’. इंग्रजीत या तिघांचं काय होतं एवढं पक्कं झालं की निम्म्याहून जास्त काम झालं.

पहिलं ‘आला तर’. ‘पाऊस आला तर सामना रद्द होईल.’ यातलं ‘आला’ दिसायला भूतकाळाचं आहे, पण पाऊस अजून यायचाय. मराठीला याचं काही वाटत नाही. आपण मात्र तेच रूप इंग्रजीत नेतो आणि म्हणतो, ‘इफ इट रेन्ड, द मॅच विल बी कॅन्सल्ड.’ इथे घोटाळा होतो, कारण खरोखर घडू शकणाऱ्या पुढच्या गोष्टीसाठी इंग्रजी ‘इफ’नंतर साधा वर्तमानकाळ वापरते: ‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.’ पुढच्या गोष्टीला तिथे भूतकाळी रूप लावलंत, तर ऐकणाऱ्याला वाटतं की पाऊस येईल असं तुम्हाला वाटतच नाही, नुसती कल्पना चालली आहे.

दुसरं ‘असेल तर’. ‘वेळ असेल तर ये’, ‘पैसे असतील तर दे’, ‘तू येशील तर मी येईन.’ इथे मराठीत भविष्यकाळाचं रूप आहे, म्हणून आपण ‘इफ यू विल हॅव टाइम’ म्हणून मोकळे होतो. कार्यालयात सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक हीच. इंग्रजीत ते साधं ‘इफ यू हॅव टाइम’ असतं. म्हणजे मराठीत ‘आला तर’ असो की ‘असेल तर’, गोष्ट शक्यतेतली असेल तर दोघांनाही इंग्रजीत ‘इफ’नंतर वर्तमानकाळच मिळतो. ‘विल’ जातं पलीकडे, ‘तर’नंतरच्या भागात.

आता तिसरं, ‘असता तर’. ही खरी अवघड जागा, इथे थोडं थांबू.

‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.’ ही म्हण इंग्रजीत नेऊन बघा. वर्गात विचारलं की दहातले सात जण म्हणतात, ‘इफ आँट वुड हॅव मूस्टॅश, वी वुड हॅव कॉल्ड हर अंकल.’ यात ‘मूस्टॅश’च्या आधीचा ‘अ’ राहिला, ते सोडून द्या. मोठ्या चुका दोन आहेत आणि दोन्ही म्हणीतूनच आल्या आहेत.

मराठीत दोन्ही बाजूंना एकच शिक्का बसतो. अलीकडे ‘असत्या’, पलीकडे ‘म्हटलं असतं’. ‘तू आला असतास तर मी थांबलो असतो’ यातही तेच. डावीकडे ‘असतास’, उजवीकडे ‘असतो’. कान या तोलाला इतका सरावलेला असतो की इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड’ लावल्याशिवाय वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही. इंग्रजीत मात्र दोन बाजूंची कामं वाटलेली आहेत. ‘इफ’ची बाजू काळ एक पाऊल मागे नेऊन सांगते की हे खरं नाही. ‘वुड’ फक्त परिणामाच्या बाजूला येतं. ‘इफ यू हॅड कम, आय वुड हॅव वेटेड.’ अमेरिकन बोलण्यात ‘इफ यू वुड हॅव कम’ कानावर पडतं, नाही असं नाही. पण परीक्षेत, मुलाखतीत आणि ग्राहकाला लिहिताना ते टाळा.

दुसरी चूक जास्त सूक्ष्म आहे आणि तक्ता ती दाखवतच नाही. मराठीतलं ‘घेतलं असतं’, ‘म्हटलं असतं’ हे रूप आत्ताच्या कल्पनेलाही चालतं आणि हुकलेल्या गोष्टीलाही. ‘माझ्याकडे पैसे असते तर ती स्कूटर घेतली असती.’ शोरूमच्या काचेबाहेर उभं राहून आत्ता हे म्हणता येतं, आणि गेल्या दिवाळीतली सवलत आठवूनही म्हणता येतं. शब्द तेच राहतात. इंग्रजी तुम्हाला इथे निवड करायला लावते. आत्ताची गोष्ट असेल तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय दॅट स्कूटर.’ गेल्या दिवाळीची असेल तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट दॅट स्कूटर.’ यातलं ‘हॅड हॅड’ पाहून बऱ्याच जणांना छपाईची चूक वाटते. चूक नाही. पहिलं ‘हॅड’ मदतनीस आहे, दुसरं मूळ क्रियापदाचं रूप.

म्हणून ‘असता तर’ मनात आलं की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: आत्ताचं बोलतोय की होऊन गेलेलं? आत्याबाईंचं मिशांअभावी काकापण हुकलंय ते कायमचंच, त्या अमुक दिवशीची ती गोष्ट नाही. म्हणून: ‘इफ आँट हॅड अ मूस्टॅश, वी वुड कॉल हर अंकल.’ मराठीत ‘असतं’ ऐकू आलं म्हणून इंग्रजीत ‘हॅव’ आलंच पाहिजे, हा ग्रह काढून टाका.

दोन काळ एकाच वाक्यात असतील तर काय? ‘नाशिकची नोकरी घेतली असती तर आज आईजवळ असतो.’ नोकरीचा निर्णय होऊन गेला, आईजवळ असणं आजचं. प्रत्येक बाजूला तिचा काळ द्या: ‘इफ आय हॅड टेकन द जॉब इन नाशिक, आय वुड बी विथ माय मदर नाऊ.’ पुस्तकं याला ‘मिक्स्ड’ म्हणून वेगळा धडा देतात. मला त्याची गरज वाटत नाही. वरचा प्रश्न दोन्ही बाजूंना वेगवेगळा विचारला की हे वाक्य आपोआप तयार होतं.

झिरो कंडिशनलचं काम लवकर आटपू. मराठीत जिथे ‘तर’ऐवजी ‘की’ सहज बसतो, तिथे झिरो. ‘बटण दाबलं की दार उघडतं.’ ‘इफ यू प्रेस द बटन, द डोअर ओपन्स.’ दोन्हीकडे वर्तमानकाळ, संपलं. सगळ्या पुस्तकांत इथे पाणी १०० अंशांना उकळत असतं. ते समुद्रसपाटीला. महाबळेश्वरला साधारण १३५० मीटर उंचीवर ते ९५-९६ अंशांतच उकळतं. व्याकरणाला काही फरक पडत नाही म्हणा.

एक गोष्ट मात्र तक्त्यामुळेच बिघडते. ‘इफ’नंतर भूतकाळ दिसला की ती कल्पनाच, असं मुलं धरून बसतात. ‘ती सहाला निघाली असेल तर एव्हाना लोणावळ्यात असेल.’ ती निघाली की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, पण निघाली असू शकते. इंग्रजीत: ‘इफ शी लेफ्ट ॲट सिक्स, शी मस्ट बी इन लोणावळा बाय नाऊ.’ हा खराखुरा भूतकाळ आहे. फरक मराठीनेच दाखवलाय: ‘निघाली असेल तर’ आणि ‘निघाली असती तर’. पहिल्यात दार उघडं आहे, दुसऱ्यात बंद.

आणि ‘इफ’नंतर ‘विल’ कधीच नाही, हा नियम पाठ करून लोक बरोबर वाक्यंही खोडतात. ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. मराठीत करून बघा: ‘तो येईल का, माहीत नाही.’ यात ‘तर’ कुठेच नाही, म्हणजे हे जर-तरचं वाक्यच नाही. इथलं ‘इफ’ म्हणजे ‘का’ किंवा ‘की नाही’. दुसरा अपवाद तुम्हाला फोनवर रोज लागेल: ‘इफ यू विल होल्ड फॉर अ मोमेंट, आय विल चेक.’ इथे ‘विल’ भविष्यकाळाचं नाही, विनंतीचं आहे. ‘जरा थांबता का’ या अर्थाचं.

‘जर’ आणि ‘तर’ या दोन शब्दांबद्दलही एक निरीक्षण. मराठीत ‘जर’ बहुतेक वेळा गळतो आणि ‘तर’ राहतो: ‘पाऊस आला तर जाणार नाही.’ इंग्रजीत नेमकं उलटं: ‘इफ’ हवंच, ‘देन’ गळतं. आपण ‘तर’च्या सवयीने प्रत्येक वाक्यात ‘देन’ घालतो. ते व्याकरणात चुकीचं नाही, पण दर वाक्याला आलं की बोलणं जड होतं. लिहिताना ‘इफ’चा भाग आधी असेल तर मध्ये स्वल्पविराम द्या. नंतर असेल तर सहसा नको.

‘अनलेस’ने दहावी-बारावीच्या मुलांचे जितके गुण खाल्ले असतील तितके क्वचितच दुसऱ्या शब्दाने खाल्ले असतील. ‘अनलेस यू डोन्ट हरी, यू विल मिस द ट्रेन’ असं सर्रास लिहिलं जातं. कारण शिकवतानाच ‘अनलेस म्हणजे जर नाही’ असं सांगितलेलं असतं. मग ‘जर’साठी ‘अनलेस’ आणि ‘नाही’साठी ‘डोन्ट’, असा दुहेरी हिशोब होतो. ‘अनलेस’ला मनात ‘शिवाय’ म्हणा. ‘अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस.’ ‘अनलेस यू स्टडी, यू वोन्ट पास.’ ‘शिवाय’च्या आधी आपण मराठीत ‘न केल्या’ म्हणत नाही, तसंच इथेही नाही.

‘इन केस’बद्दल एकच ओळ. ‘ओपन द अम्ब्रेला इफ इट रेन्स’ म्हणजे पाऊस आला तर छत्री उघड. ‘टेक द अम्ब्रेला इन केस इट रेन्स’ म्हणजे आलाच तर असू दे म्हणून आत्ताच घेऊन ठेव.

‘वॉज’ की ‘वेअर’? बोलताना ‘इफ आय वॉज’ इंग्रज आणि अमेरिकन दोघंही म्हणतात. लिहिताना, परीक्षेत आणि मुलाखतीत ‘इफ आय वेअर’ ठेवा. जुन्या इंग्रजीत अशा कल्पनेसाठी क्रियापदाचं वेगळं रूप असायचं, हे ‘वेअर’ म्हणजे त्याचा उरलेला अवशेष. ‘इफ आय वेअर यू’ हा तर ठरलेला शब्दप्रयोग आहे, तो मोडू नका. जाता जाता: शाळेतल्या निबंधाचा ‘मी पंतप्रधान झालो तर’ हा विषय मराठीत शक्यतेच्या रूपात असतो, म्हणून मुलं इंग्रजीत ‘इफ आय बिकम द प्राइम मिनिस्टर, आय विल’ लिहितात. ते चुकीचं नाही, पण निवडणूक लढवायला निघाल्यासारखं वाटतं. कल्पनेचा निबंध ‘इफ आय वेअर द प्राइम मिनिस्टर, आय वुड’ असाच चांगला वाचला जातो.

आता तुमच्या कामाकडे येऊ. ग्राहकाला पत्ता बदलून हवा होता, पार्सल निघून गेलंय. ईमेलच्या मसुद्यात साधारण असं असतं: ‘इफ यू वुड हॅव इन्फॉर्म्ड अस अर्लिअर, वी वुड हॅव चेंज्ड द ॲड्रेस.’ व्याकरण सुधारलं तर ‘इफ यू हॅड इन्फॉर्म्ड अस अर्लिअर, वी कुड हॅव चेंज्ड द ॲड्रेस.’ वाक्य निर्दोष झालं, तरी ते पाठवू नका. हुकलेल्या गोष्टीचं ‘इफ यू हॅड’ समोरच्याला ठपका ठेवल्यासारखं लागतं, मराठीत ‘आधी सांगितलं असतंत तर’ लागतं तसंच. तेच आपल्या अंगावर घ्या: ‘इफ द पार्सल हॅड नॉट लेफ्ट अवर वेअरहाउस, वी कुड हॅव चेंज्ड द ॲड्रेस.’ माहिती तीच, टोचणी गेली.

विनंती करताना मात्र हेच एक पाऊल मागे जाणं उपयोगी पडतं. ‘इट वुड बी ग्रेट इफ यू कुड सेंड द इनव्हॉइस टुडे.’ आपण ‘पाठवलंत तर बरं होईल’ म्हणतो ती अदब इथे ‘वुड’ आणि ‘कुड’मध्ये येते. आणि मराठी सूचनांमधलं ‘अडचण आल्यास संपर्क साधावा’ हे वजनदार ‘आल्यास’ हवं असेल तर ‘इफ’ काढून ‘शुड’ पुढे आणा: ‘शुड यू फेस एनी डिफिकल्टी, प्लीज कॉन्टॅक्ट अस.’ ईमेलच्या शेवटी शोभतं. फोनवर नको, कृत्रिम वाटतं.

ऐकताना एक अडचण येते ती आखूड रूपांची. ‘इफ आयड नोन, आयड हॅव टोल्ड यू.’ दोन्हीकडे कानावर ‘आयड’च पडतं. पहिलं ‘आय हॅड’ आहे, दुसरं ‘आय वुड’. पुढच्या शब्दावरून ओळखायचं. ‘ड’नंतर ‘नोन’, ‘सीन’, ‘गॉन’ असं तिसरं रूप आलं तर ते ‘हॅड’. ‘हॅव’ किंवा क्रियापदाचं मूळ रूप आलं तर ‘वुड’. ‘वुड हॅव’ बोलताना ‘वुडव’ इतकं आखूड होतं की इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही लिहिताना ‘वुड ऑफ’ असं चुकीचं लिहून जातात. आपल्या बऱ्याच जणांना ‘वुड हॅव’ ही जोडी वाक्यात आहे हेच ऐकू येत नाही, आणि मग ती चुकीच्या जागी उगवते.

सराव. गाळलेल्या जागा पुष्कळ झाल्या, त्या बंद करा. त्यांत वाक्य दुसऱ्याने बनवलेलं असतं, तुम्ही फक्त खिळा ठोकता. माझ्या अनुभवात सर्वांत कामाला येणारा सराव म्हणजे खरी गोष्ट उलटी करणं. आज खरोखर घडलेलं एक वाक्य घ्या: ‘आय डिडन्ट हॅव हिज नंबर, सो आय डिडन्ट कॉल हिम.’ आता दोन्ही बाजूंचं हो-नाही उलटं करा आणि ‘इफ’च्या बाजूचा काळ एक पाऊल मागे न्या: ‘इफ आय हॅड हॅड हिज नंबर, आय वुड हॅव कॉल्ड हिम.’ आत्ताची गोष्ट असेल तरीही रीत तीच: ‘आय डोन्ट लिव्ह निअर द स्टेशन, सो आय टेक अ रिक्षा.’ उलटी केली की ‘इफ आय लिव्ड निअर द स्टेशन, आय वुडन्ट टेक अ रिक्षा.’ खरी गोष्ट आधी मोठ्याने म्हणायची, मग उलटी. रोज स्वतःच्या दिवसातली तीन-चार वाक्यं पुरेत. लिहू नका, बोला. तुमची अडचण तोंडाची आहे, वहीची नाही.

दुसरा सराव कामाच्या जागेवरचा. तुम्ही पाठवलेले जुने ईमेल उघडा आणि ‘इफ’ शोधा. प्रत्येक वाक्यात ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ किंवा ‘वुड’ दिसलं की थांबा: ते विनंतीचं आहे का, ‘की नाही’ या अर्थाचं आहे का, की नुसतीच सवय आहे? नोकरीत आपण वाक्यं फार कमी बदलतो, त्यामुळे तुमच्या नेहमीच्या पाच-सहा वाक्यांतच सगळा घोळ सापडेल. ती सुधारून पाठ करा. पाठांतराला नावं ठेवायचं कारण नाही, फोनवर विचार करायला वेळ नसतो.

जाता जाता ही पाच वाक्यं इंग्रजीत म्हणून बघा. आजी घरी असेल तर तिला फोन दे. मला गाडी चालवता येत असती तर तुला सोडलं असतं. फोन चार्ज केला असतास तर आत्ता ही वेळ आली नसती. तिकीट दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. उद्या संप झाला तर कॉलेज बंद राहील का, माहीत नाही.

पहिलं: ‘इफ आजी इज ॲट होम, गिव्ह हर द फोन.’ दुसऱ्याची दोन उत्तरं बरोबर आहेत. आत्ता दारात उभे असाल तर ‘इफ आय कुड ड्राइव्ह, आय वुड ड्रॉप यू’, आणि कालची गोष्ट असेल, आणि गाडी आजही येत नसेल, तर ‘इफ आय कुड ड्राइव्ह, आय वुड हॅव ड्रॉप्ड यू’. तिसऱ्यात दोन बाजूंना दोन काळ आहेत: ‘इफ यू हॅड चार्ज्ड युअर फोन, वी वुडन्ट बी इन धिस मेस नाऊ.’ चौथं: ‘दे डोन्ट लेट यू इन अनलेस यू शो युअर टिकेट.’ पाचव्यात ‘इफ’ दोनदा येतं: ‘आय डोन्ट नो इफ द कॉलेज विल बी क्लोज्ड इफ देअर इज अ स्ट्राइक टुमॉरो.’ पहिल्या ‘इफ’नंतरचं ‘विल’ बरोबर आहे, कारण तिथे ‘का’ आहे. दुसऱ्यानंतर ‘विल’ आलं असेल तर खोडा, कारण तिथे ‘तर’ आहे.